प्रबंध कपाटाबाहेर आणा

इतिहास, साहित्य आणि अभियांत्रिकी यांतील संशोधन सर्वांना शोधता यावे, यासाठी सुरू होत असलेल्या चळवळीचा जाहीरनामा

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, साडेचार वाजायच्या आत, कोयना खोरे हादरले. पाटण तालुक्यातली घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. मृतांचा आकडा पावणेदोनशेच्या आसपास गेला. १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या भिंतीला, तिचा उतार जिथे बदलतो त्या उंचीवर, आडव्या भेगा पडल्या. पण भिंत उभी राहिली. त्या वेळी धरणाच्या आतच हादऱ्याचे त्वरण मोजणारे यंत्र चालू होते आणि त्याने त्या भूकंपाची नोंद पकडली.

ती नोंद जगभर गेली. बर्कलीत अनिल चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा आधार घेऊन कोयनेच्या भिंतीचे गणित मांडले. त्यानंतर गेली पन्नास वर्षे काँक्रीटच्या धरणांवर भूकंपाचा परिणाम अभ्यासणारे विद्यार्थी, मग ते चीनमधले असोत की कॅनडातले, आपली पद्धत बरोबर आहे का हे तपासायला कोयनेची भिंत आणि कोयनेचा हादरा घेतात. 'अ‍ॅबाकस' ही संगणकप्रणाली अभियंत्यांना शिकवणाऱ्या पुस्तिकेतही कोयनेचे उदाहरण सोडवून दाखवले आहे. नोंद मोकळी होती, म्हणून सातारा जिल्ह्यातली एक भिंत जगाच्या अभ्यासक्रमात गेली.

त्याच धरणाला दुसरीही एक बाजू आहे. शिवसागर जलाशयात गावे बुडाली. माणसे रायगड, ठाणे, सोलापूर, सांगली अशी पांगली. पुनर्वसनाचा लढा दुसऱ्या-तिसऱ्या पिढीपर्यंत चालू राहिला. या माणसांविषयी समाजशास्त्राच्या, इतिहासाच्या, भूगोलाच्या विभागांतून विद्यार्थी गावोगाव हिंडले, वहीत मुलाखती उतरवून आले. धरणग्रस्तांच्या जगण्यावरची विश्वास पाटलांची 'झाडाझडती' १९९२ च्या साहित्य अकादमी पुरस्काराने देशभर पोचली आणि ग्रामीण कादंबरीचा अभ्यास करणाऱ्याला तिला वळसा घालून जाणे अशक्य झाले. भूगर्भशास्त्रज्ञांनी जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचा अभ्यास कोयनेत उभा केला. कऱ्हाडजवळ त्यासाठी खोल छिद्रे घेऊन खडक तपासण्याचे केंद्र आहे. म्हणजे एकाच खोऱ्यावर चार-पाच विद्याशाखांनी काम केले. पण ते काम चार-पाच कपाटांत पडून आहे आणि एका कपाटाला दुसऱ्याचा पत्ता नाही.

आज पाटणच्या एखाद्या प्रकल्पग्रस्ताच्या नातीने विचारले, "आमच्या खोऱ्याविषयी आजवर कुणी काय काय शोधले?", तर तिला पूर्ण उत्तर देईल अशी एकही जागा महाराष्ट्रात नाही. विद्यापीठ तिला आधी विषय विचारेल, मग विभाग, मग मार्गदर्शकाचे नाव. तिच्याकडे फक्त गावाचे नाव आहे.

त्या नातीला उत्तर मिळावे, यासाठी आम्ही ही चळवळ सुरू करत आहोत. आमच्यात संशोधक आहेत, ग्रंथपाल आहेत, तालुक्याच्या कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक आहेत, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते आहेत, प्रबंध अर्धा सोडावा लागलेल्या स्त्रिया आहेत. आमचे म्हणणे एका वाक्यात मावते: पदवीसाठी झालेले प्रत्येक संशोधन लोकांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या शब्दांनी आणि त्यांच्या गावाच्या नावाने सापडले पाहिजे.

मराठी माणसांविषयीचे आणि मराठी माणसांनी केलेले किती मोलाचे काम पदवीच्या प्रबंधांत झाले आहे, याची आठवण आधी करून देतो. ज्युल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या जडणघडणीवर लिहिलेला प्रबंध पहिल्या महायुद्धामुळे रखडला आणि १९२० मध्ये पॅरिसला छापला गेला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो १९४१ मध्ये 'मराठी भाषेचा विकास' या नावाने मराठीत आणला. मराठीच्या इतिहासाचा इतका मूलभूत अभ्यास मराठी विद्यार्थ्याच्या हाती मराठीतून यायला वीस वर्षे लागली, आणि तीही एका माणसाने मनावर घेतले म्हणून. अशोक केळकरांनी मराठीच्या ध्वनी आणि रूपव्यवस्थेवरचा प्रबंध १९५८ मध्ये अमेरिकेत कॉर्नेलला सादर केला. आपल्याच भाषेच्या उच्चारांवरचे हे काम आपल्याकडे किती मराठी शिक्षकांनी पाहिले आहे?

'युगान्त'च्या लेखिका म्हणून इरावती कर्वे घराघरांत आहेत. १९३० च्या सुमारास बर्लिनमध्ये त्यांनी जर्मन भाषेत लिहिलेला प्रबंध मात्र फार थोड्यांना माहीत आहे. कवटीच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात, या असमानतेचा संबंध वंशाशी जोडता येतो का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांचे मार्गदर्शक ऑयगन फिशर वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराचे होते. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही असे लिहिले. पंचविशीतल्या एका मराठी मुलीने बर्लिनमध्ये, त्या काळात, त्या मार्गदर्शकाच्या हाताखाली हे लिहिले! आमच्या शाळेच्या पुस्तकांत हे यायला हवे होते. आले नाही, कारण तो प्रबंध आमच्या शोधाच्या वाटेवरच नव्हता.

एलिनॉर झेलियट यांनी डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ यांवरचा प्रबंध १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला सादर केला. त्याआधी त्या महाराष्ट्रात राहिल्या होत्या, बाबासाहेबांबरोबर काम केलेल्या माणसांना भेटल्या होत्या. तो प्रबंध ग्रंथरूपात यायला २००४ साल उजाडले. मधल्या काळात त्याचा हवाला देणारे अनेक होते, पण तो वाचायला ज्याला अमेरिकेतली प्रत मिळवता येईल त्यालाच मिळत होता. ज्या वस्त्यांतून ती माहिती गोळा झाली, त्या वस्त्यांतल्या मुलांना ती मिळाली नाही. याउलट बाबासाहेबांनी लंडनला सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ मध्येच पुस्तक झाला आणि पुढे महाराष्ट्र शासनाने त्यांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांत तो छापला. म्हणून आज एखाद्या खेड्यातला अर्थशास्त्राचा विद्यार्थीही तो उघडून वाचू शकतो. दोन्ही प्रबंध थोर. एक पोचला, दुसरा पस्तीस वर्षे अडकला. हा फरक लेखकांच्या योग्यतेतला नाही, व्यवस्थेतला आहे.

आणखी एक जोडी सांगितल्यावाचून राहवत नाही. कमला सोहोनी यांना १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. बटाट्यासारख्या वनस्पतीतही सायटोक्रोम सी असते, हा त्यांचा शोध होता. त्याच वर्षी त्यांच्या बहिणीचे, दुर्गा भागवतांचे, प्राचीन बौद्ध न्यायव्यवहारावरचे पुस्तक आले. तो मुळात त्यांचा एम.ए.चा प्रबंध. एका घरातल्या दोन मुली, एक प्रयोगशाळेत आणि एक विनयपिटकात. ज्ञानाला शाखांच्या भिंती त्या घरात नव्हत्या. आमच्या सूच्यांत मात्र या दोघी कधीच एका पानावर येत नाहीत.

आजची स्थिती काय आहे, हे नीट सांगायला हवे, कारण झालेल्या कामाचा अनादर करून कुठलीच चळवळ उभी राहत नाही. १९३८ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बरला यूजीन पॉवर यांनी प्रबंधांच्या मायक्रोफिल्म करायचा व्यवसाय सुरू केला आणि तिथले प्रबंध मागवता येऊ लागले. १९९७ पासून व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाने संगणकीय प्रत देणे बंधनकारक केले. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमांनी पीएच.डी.च्या प्रबंधाची संगणकीय प्रत मागितली आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने 'शोधगंगा' उभी केली. काही लाख प्रबंध तिथे कुणालाही विनामूल्य वाचता येतात. हे फार मोठे काम आहे. त्या कामाशी जोडलेल्या प्रत्येक ग्रंथपालाला आमचा मनापासून नमस्कार.

पण त्या दारातून आत गेल्यावर मराठी वाचक अडखळतो, आणि कुठे अडखळतो हे आम्ही रोज पाहतो. युनिकोड येण्याआधी, आणि आल्यावरही बराच काळ, मराठी प्रबंध कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा फाँटमध्ये टाइप होत राहिले. पडद्यावर अक्षर मराठी दिसते. संगणकाच्या लेखी मात्र ती रोमन अक्षरांची निरर्थक ओळ असते. 'तुकाराम' असे शोधले तर तुकारामांवरच्या प्रबंधाचे एक पानही हाती येत नाही. जुने प्रबंध स्कॅन केलेले असतात. ती नुसती छायाचित्रे, त्यांतले शब्द यंत्राला वाचता येत नाहीत. शीर्षक रोमन लिपीत नोंदवायचे, तर ज्ञानेश्वर कुठे 'डी'खाली, कुठे 'जे'खाली, कुठे 'जी'खाली. फुले कुठे 'पी'ने सुरू होतात, कुठे 'एफ'ने. जोतीराव, जोतिबा आणि ज्योतिबा हे तीन वेगळे गृहस्थ असावेत अशी नोंद. धाराशिव शोधणाऱ्याला उस्मानाबादचे प्रबंध मिळत नाहीत, अहिल्यानगर शोधणाऱ्याला अहमदनगरचे मिळत नाहीत. विद्यापीठांची नावेही बदलली: पुणे, नागपूर, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र, सोलापूर. जुन्या नावाखालचे काम नव्या नावाशी जोडून देणे प्रत्येक ठिकाणी झालेले नाही.

शिवाय सगळे एका ठिकाणी नाहीच. कृषी विद्यापीठांचे प्रबंध 'कृषिकोश'मध्ये, आयआयटींचे त्यांच्या त्यांच्या भांडारांत, परदेशातले आणखी कुठे. मराठी विभाग बडोद्याला आहे, हैदराबादला उस्मानियात आहे, बनारसला आहे, गोव्यात आहे. तिथे झालेले मराठीचे संशोधन महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याच्या नजरेत येतेच असे नाही.

सगळ्यात मोठी हानी मात्र पीएच.डी.च्या खालच्या पायरीवर होते आहे. एम.फिल.चे लघुप्रबंध, एम.ए.चे प्रकल्प, एम.ई. आणि एम.टेक.चे प्रबंध यांना कुणी वाली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद झाली. पदवीच बंद झाली म्हटल्यावर तिचे प्रबंध सांभाळण्यात कुणाला रस उरणार? विभागाची जागा बदलली, मूल्यांकन करणारी नॅकची समिती येणार म्हणून साफसफाई झाली, की काळ्या आणि मरून बाइंडिंगचे ढीग आधी व्हरांड्यात येतात आणि मग रद्दीत जातात. आणि याच लघुप्रबंधांत स्थानिक काम सर्वांत जास्त असते. पीएच.डी.चा विद्यार्थी 'महाराष्ट्रातील ग्रामीण कथा' घेतो; एम.फिल.चा विद्यार्थी आपल्याच गावच्या भारुडकाराकडे जाऊन बसायचा. एम.टेक.चा विद्यार्थी शहरातल्या एका पुलाखालच्या गाळाचे नमुने काढतो, एका विहिरीची पातळी वर्षभर मोजतो. या मोजण्या पुन्हा होणार नाहीत. तो भारुडकारही आता नसेल.

शोधायचे कसे, याबाबतचा आमचा विचार थोडा वेगळा आहे, आणि त्यावर आम्ही ठाम आहोत. प्रबंधांची सूची आज विद्याशाखेनुसार होते: इतिहास, मराठी, स्थापत्य, रसायन. ही सोय विद्यापीठाची आहे. लोकांचे प्रश्न शाखेनुसार येत नाहीत. ते जागेवरून येतात, नदीवरून येतात, पिकावरून, रोगावरून, सणावरून येतात. पांझरा आणि मोसम नद्यांच्या काठची फड पद्धत घ्या. बंधाऱ्याचे पाणी पाटाने आणायचे, शेताचे फड पाडायचे, कोणत्या फडात कोणते पीक हे सगळ्यांनी मिळून ठरवायचे, पाटकऱ्याने पाणी सोडायचे आणि जागल्याने राखण करायची, अशी ही शेकडो वर्षे चाललेली व्यवस्था. तिच्या बंधाऱ्यांची बांधणी हा स्थापत्याचा विषय, तिचे कागद हा इतिहासाचा, तिचे नियम हा समाजशास्त्राचा, आणि पाटावर काम करणाऱ्यांच्या तोंडची अहिराणी हा भाषेचा. अभियंता इंग्रजी शीर्षकात सिंचनाचे लोकव्यवस्थापन असे काही लिहितो आणि त्यात 'फड' हा शब्दच नसतो. अहिराणीच्या अभ्यासकाच्या शब्दसूचीत 'फड' असतो, पण ते पान अभियंत्याला दिसत नाही. धुळ्याच्या शेतकऱ्याने आपल्या मुलाला 'फड' शोधायला सांगितले, तर त्याला यांपैकी काहीच मिळू नये, ही आम्हाला असह्य वाटणारी गोष्ट आहे.

म्हणून आमची सूची जागेने सुरू होईल. प्रबंध कुठल्याही शाखेचा असो, आधी गाव, तालुका, नदी, डोंगर, किल्ला यांची नावे; जुनी आणि नवी, दोन्ही. मग काळ. मग साधने: कोणते दप्तर पाहिले, कोणाच्या मुलाखती घेतल्या, काय मोजले, कोणत्या यंत्राने मोजले. मग लोकांच्या तोंडचे शब्द. शाखा सगळ्यांत शेवटी. मराठी साहित्याच्या प्रबंधालाही हे लागू आहे. कादंबरी कुठल्या भूमीवर घडते हे नोंदले, तर त्या भूमीच्या पाण्याचा अभ्यास करणारा तिच्यापर्यंत येईल.

आम्हाला विचारले जाते की यांतले बरेच प्रबंध सुमार आहेत, नक्कल आहेत, बढतीसाठी लिहिलेले आहेत, मग त्यांचा पसारा कशाला वाढवायचा? प्रश्न खरा आहे आणि आम्ही त्याला बगल देणार नाही. सुमार प्रबंध आहेत. पण त्यांचे सुमारपण वाढले ते अंधारात. आपल्या आधी त्याच विषयावर कोण काय लिहून गेले, हे कुणालाच दिसत नसेल तर तोच विषय पुन्हा मंजूर होतो, तीच प्रकरणे पुन्हा लिहिली जातात. नवा विद्यार्थी "हा टॉपिक झालाय का?" असे गाईडला विचारतो, गाईड आपल्या आठवणीवर उत्तर देतो आणि संशोधन समितीपुढे तेच उत्तर पुढे सरकते. २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. साम्य मोजणारी यंत्रे आली. पण स्कॅनच्या छायाचित्रातून किंवा जुन्या फाँटमधून केलेली मराठी नक्कल ते यंत्र कशी पकडणार? मजकूर मोकळा आणि वाचनीय झाला की नक्कल आपोआप उघडी पडेल, आणि ज्याने प्रामाणिकपणे पायपीट केली त्याचे नाव वर येईल.

शिवाय सुमार प्रबंधालाही परिशिष्ट असते. मांडणी कच्ची असेल, निष्कर्ष ठोकळेबाज असतील, पण शेवटी चाळीस ओव्या जशाच्या तशा उतरवलेल्या असतात, बाजाराच्या दरांचा तक्ता असतो, पाडलेल्या वाड्याचा नकाशा असतो. पुढच्या पिढीतल्या कुणाला तेवढेच हवे असेल. काय जपावे याचा निवाडा आजच्या आमच्या आवडीवर सोडणे आम्हाला धोक्याचे वाटते.

मोकळेपणाला एक मर्यादा मात्र आम्ही आधीच मान्य करतो. काही प्रबंधांत देवदासींनी सांगितलेले आहे, अत्याचार सोसलेल्या माणसांनी सांगितलेले आहे, आदिवासींनी आपल्या देवस्थानांविषयी विश्वासाने सांगितलेले आहे. संशोधकाला सांगितले, जगाला नाही. असा मजकूर नावे झाकल्याशिवाय, आणि जिथे शक्य आहे तिथे त्या समाजाला विचारल्याशिवाय, आम्ही उघडा करणार नाही. नोंद मोकळी ठेवू, मजकूर राखू. लेखकाच्या हक्कालाही धक्का लावणार नाही; प्रबंध त्याचा आहे, प्रसिद्ध करायचा की नाही हे त्याने ठरवायचे. तो अस्तित्वात आहे, एवढे कळण्याचा हक्क मात्र सगळ्यांचा आहे, कारण फेलोशिप, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय यांचा खर्च बहुतांशी लोकांनी दिलेला असतो.

आता विद्यापीठांकडे आमचे मागणे. प्रत्येक प्रबंधाबरोबर, तो इंग्रजीत असो की मराठीत, दोन-तीनशे शब्दांची मराठी नोंद युनिकोडमध्ये घ्यावी, आणि ती लेखकाने स्वतः लिहावी. आपण काय केले हे गावच्या माणसाला कळेल अशा भाषेत सांगता येणे, हा संशोधनाचा भाग आहे. अभियंत्यांना हे जास्त अवघड जाईल. त्यांच्याकडूनच ते जास्त हवे आहे. दुसरे, पूर्वसंशोधनाच्या प्रकरणात कुठे शोधले, कोणत्या शब्दांनी शोधले आणि काय सापडले नाही, हे लिहिणे बंधनकारक करावे. आपल्या शाखेबाहेरचे निदान दोन प्रबंध वाचल्याशिवाय स्थानिक विषयाला मंजुरी देऊ नये. मौखिकीत त्यावर प्रश्न विचारावा. एम.फिल., एम.ए. आणि एम.टेक.च्या प्रबंधांची यादी केल्याशिवाय एकही बाइंडिंग विभागाबाहेर जाऊ नये. आणि संगणकीय प्रत एकाच जागी ठेवून निश्चिंत होऊ नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथल्या प्रबंधांची 'ईथॉस' ही सूची बंद पडली. इतक्या श्रीमंत ग्रंथालयाची ही गत होते, तर आपण प्रती किमान तीन वेगळ्या ठिकाणी ठेवल्या पाहिजेत.

यात घाई का, असे कुणी म्हणेल. आज विद्यार्थी प्रश्न विचारून तयार उत्तर देणाऱ्या यंत्रांकडे वळले आहेत. ही यंत्रे कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या प्रबंधांची नावे खऱ्यासारखी सांगतात, आणि जे प्रबंध खरोखर आहेत पण जुन्या फाँटमध्ये गाडलेले आहेत ते त्यांना ठाऊकच नसतात. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जाच्या नावाने जो पैसा येईल, त्यातला पहिला वाटा या कामाला मिळावा असे आमचे स्पष्ट मत आहे. उत्सव नंतर करता येतील.

सरकारची किंवा विद्यापीठांची वाट पाहत आम्ही बसणार नाही. अशी कामे महाराष्ट्रात माणसांनी केलेली आहेत. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून दप्तरे शोधली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे बावीस खंड उभे केले. शंकर गणेश दात्यांनी १८०० पासूनच्या छापील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. आजही जुने मराठी पुस्तक शोधणारा आधी दाते उघडतो. त्यांच्याकडे संगणक नव्हता, मोबाइलचा कॅमेरा नव्हता. आमच्याकडे दोन्ही आहेत. प्रबंधांचा दाते अजून झालेला नाही. एका माणसाकडून ते होणारही नाही, कारण प्रबंध छापखान्यातून जात नाही. तो लेखकाच्या घरी, गाईडच्या घरी आणि विद्यापीठात अशा मोजक्या प्रतींत जगतो.

म्हणून काम तालुक्यापासून सुरू होईल. प्रत्येक तालुक्यातल्या कॉलेजमध्ये शिकवणाऱ्या, शिकवून निवृत्त झालेल्या प्राध्यापकांच्या प्रबंधांची यादी आधी. त्यानंतर त्या तालुक्याविषयी बाहेरच्यांनी केलेले प्रबंध: पुण्यातून, मुंबईतून, पवईच्या आयआयटीतून, आणि लंडन, पॅरिस, पेनसिल्व्हेनियातून. परदेशांत राहणाऱ्या मराठी मंडळींकडे यासाठी आम्ही खास मदत मागतो. तिथल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत महाराष्ट्रावरचे काय आहे, हे बघून नोंद पाठवणे त्यांना सहज जमेल. लिस्बनमध्ये गोव्याविषयी पोर्तुगीजमध्ये लिहिलेले प्रबंध वाचू शकणारे गोमंतकीय आम्हाला हवे आहेत. जुने फाँट युनिकोडमध्ये आणणारे प्रोग्रामर हवे आहेत. शब्दांची शुद्धता तपासणारे निवृत्त शिक्षक हवे आहेत. तालुक्याची यादी झाली की ती तिथल्या सार्वजनिक वाचनालयात छापील स्वरूपात लावली जाईल. प्रत्येकाने संगणक उघडावा ही अपेक्षा आम्ही ठेवत नाही. कुठल्याही नोंदीसाठी पैसे घेतले जाणार नाहीत. यादी कुणीही उतरवून घ्यावी, छापावी, वाढवावी. तिच्यावर चळवळीचाही हक्क असणार नाही.

पहिले खोरे आम्ही कोयनेचे निवडले आहे, कारण तिथे शाखांमधले अंतर सर्वांत ठळक दिसते. दुसरे पांझरेचे. पुढची खोरी जिथले लोक पुढे येतील तिथली.

वाचकहो, तुमच्या घरात माळ्यावर किंवा शोकेसच्या खालच्या खणात सोनेरी अक्षरांचा एखादा प्रबंध असेल. तुमचा, आईचा, वारलेल्या काकांचा. तो काढा. शीर्षक, वर्ष, विद्यापीठ, मार्गदर्शकाचे नाव, आणि आत ज्या गावांचा उल्लेख आहे त्या सगळ्या गावांची नावे एका कागदावर मराठीत लिहा. परिशिष्टात काय आहे तेही लिहा. तो कागद तुमच्या गावच्या वाचनालयात नेऊन द्या आणि ग्रंथपालांना तो नोंदवून घ्यायला सांगा. प्रबंध रद्दीत देऊ नका.